चादरवाल्यांचा दवाखाना

मार्च लागला की मी तीन याद्या करते. पहिली दवाखान्यातल्या औषधांच्या स्टोअरची: मुदत संपत आलेली खोकी पुढच्या फळीवर, नवी मागे. दुसरी घरची: कुलरच्या ताट्या, माठ, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. तिसरी मायची. रविवारी भंडाऱ्याहून पवनीला जाताना तिच्यासाठी काय न्यायचं त्याची. रक्तदाबाच्या गोळ्या, चहापत्ती, जवसाची चटणी, चष्म्याची दोरी. यंदा या तिसऱ्या यादीत सगळ्यात खाली लिहिलं: लॅपटॉप, टीव्हीला जोडायची तार, तो खेळ.

तो खेळ पुन्हा निघाला आहे. चित्रं घासूनपुसून लख्ख केलेली, आवाज नव्यानं भरलेले, भिंतीवरची ओलसुद्धा आता खरी वाटते. मूळ खेळ आमच्या घरात आला तेव्हा गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्यानंतरचा दुसरा उन्हाळा असेल. माझ्या हाताखालचा कंपाउंडर मला म्हणाला, "मॅडम, या वयात भुताचा खेळ?" मी म्हटलं, याच वयात. अठराव्या वर्षी मला परीक्षेची भीती वाटायची. आता ज्यांची भीती वाटते त्या गोष्टी मोजायला बसले तर कागद पुरणार नाही. सराव तर हवाच.

आणि यंदाच्या मार्चमध्ये एक गोष्ट ठरायची होती. माय पवनीतल्या तिच्या घरात राहणार की दादाकडे नागपूरला जाणार.

बाबा जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून माय एकटी राहते. एकटी म्हणजे शेजारच्या तीन घरांत तिचं दिवसभर येणंजाणं असतं आणि नदीकडे तिचा रोजचा फेरा असतो, पण सरकारी भाषेत एकटी. हिवाळ्यात ती दोनदा दूध गॅसवर विसरली. एकदा दादाला फोनवर बाबांच्या नावानं हाक मारली. दादा घाबरला. त्यानं फ्लॅटमधली एक खोली रिकामी केली, मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि मला सांगितलं, "सुजा, एप्रिलच्या आत तिले घेऊन येतो. आता मायचं डोकं राहिलं नाही."

डोकं राहिलं नाही. हे वाक्य मी स्टोअरमध्ये खोकी मोजताना मनात तीन वेळा ऐकलं आणि तिन्ही वेळा मोजणी चुकली.

कारण मायचं डोकं काय चीज आहे ते मला ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात मी ते जवळून पाहिलं.

तेव्हा आम्ही जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. भोंग्यावर घर चालायचं, भोंग्यावर भात चढायचा. दादा नागपूरला इंजिनीअरिंगला होता आणि होस्टेलात सामान चोरीला जातं म्हणून आपला जोडून घेतलेला कॉम्प्युटर त्यानं घरी आणून ठेवला होता. मायनं त्यावर स्वतःच्या हातानं विणलेलं कव्हर घातलं. त्याच्यासोबत एक सीडी आली होती, वर स्केचपेननं इंग्रजी नाव. दादानं तो खेळ एकदा लावला, दुसऱ्या खोलीपर्यंत गेला आणि "ग्राफिक्स बरोबर नाही" असं म्हणून उठला. त्याच्या कानामागून घाम येत होता.

डोंगरावरचं एक बंद पडलेलं क्षयरोग्यांचं रुग्णालय. त्यात अडकलेली एक नर्स. हातात टॉर्च, अंगातल्या गणवेशाला सहा खिसे. सहाच वस्तू ठेवता यायच्या. सातवी घ्यायची तर एक टाकायची. खोल्याखोल्यांतून पांढऱ्या चादरी गुंडाळलेले रोगी फिरायचे. आपण कुठवर आलो ते जपून ठेवायचं तर भिंतीवरचा कंदील पेटवावा लागे आणि त्यासाठी काडी लागे. अख्ख्या खेळात मोजक्या काड्या. आमच्या घरात त्यामुळे "काडी लाव" याचा अर्थच बदलला होता. खेळाचं इंग्रजी नाव मायच्या तोंडी कधी बसलं नाही. ती म्हणायची, चादरवाल्यांचा दवाखाना.

मी त्या वर्षी ऑक्टोबरात बारावीला दुसऱ्यांदा बसणार होते. मार्चमध्ये भौतिकशास्त्राच्या पेपरला पहिला प्रश्न वाचला आणि हात गार पडले. पेन खाली ठेवलं ते तासभर उचललंच नाही. सगळं येत होतं. बाबा रागावले नाहीत, ते रागावत नसत. एवढंच म्हणाले की तुमसरचं स्थळ थांबायला तयार आहे, यंदा निघाली तर शिक, नाही निघाली तर पाहू. त्या "पाहू"मध्ये मांडव उभा दिसायचा.

दुपारी दोन ते तीन खेळायची परवानगी मायनं दिली. का दिली ते मला तेव्हा कळलं नाही. वाळ्याची ताटी ओली करून लावलेली, खिडकीवर गोणपाट, अंधारलेली खोली, कुलरचा एकसुरी घरघराट. बाहेर कडुनिंबाचा मोहर गळत असायचा. बपेऱ्याहून मामानं पाठवलेली मोहफुलं गच्चीवर वाळत असायची आणि त्यांचा तो गोड, जड, थोडा आंबूस वास जिन्यानं खाली उतरायचा. आजही कुठं मोहाचा वास आला की मला पुस्तक आठवत नाही, टॉर्चचा पिवळा गोल आठवतो.

मी खेळायचे आणि माय मागे तांदूळ निवडत बसायची. पहिले दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तिकडं काहून जाऊन राहिली? तिथं त मघा गेलती ना."

"नव्हते गेले."

"गेलती. तिथं तो तुटका पलंग हाये. त्याच्या बाजूनं खाली जाते वाट."

मी गेले. तुटका पलंग होता. त्याच्या बाजूनं वाट खाली जात होती.

मायचं माहेर बपेऱ्याचं, पलीकडे मध्य प्रदेश. लहानपणी ती मोहफुलं वेचायला जंगलात जायची. तिथं पाट्या नसतात. कोणत्या झाडापासून किती पावलं, कुठं डावीकडे दगड, कुठं वारूळ, हे डोक्यात ठेवलं तरच घरी पोचता येतं. चौथी शिकलेल्या या बाईनं तीन मजल्यांचं ते रुग्णालय असं पाठ केलं की खेळात मिळणारा नकाशा मी उघडेनाशी झाले. नकाशा उघडला की तिला राग यायचा. "माह्यावर भरोसा नाही का?"

खिशांचंही तसंच. मी दिसेल ते उचलायचे. माय म्हणायची, "सारं कायले भरतेस व? टोपली एकच असते. येताना त्यात मोह आनाचा हाये. जातानाच भरून नेली त आनशील कशात?" त्या दिवसापासून मी खोलीत शिरण्याआधी कागदावर लिहू लागले: काय लागणार, काय ठेवून जायचं, एक खिसा रिकामा. मला लोक शिस्तीची बाई म्हणतात. ही शिस्त शाळेत लागली नाही.

आणि चादरवाले. पहिला चादरवाला समोर आला तेव्हा मी खेळात सापडलेल्या पिस्तुलातल्या चारही गोळ्या त्याच्यावर झाडल्या. एक लागली. माय तांदळातून मान वर न करता म्हणाली, "मोहाच्या झाडाखाली अस्वल येते. तो बी फुलं खायालेच येते. त्याचं आपलं काही भांडन नाही. त्याची वाट सोडाची, अन् आपली धराची."

"आणि भीती वाटली तर?"

"वाटनच. वाटू दे ना. भेव लागला म्हनून पायानं थांबावं असं कुठं हाये? थांब, पाह्य, मोज, अन् चाल."

या एका वाक्यावर मी ती परीक्षा पास झाले. यापेक्षा जास्त रंगवून सांगण्यासारखं त्यात काही नाही. भौतिकशास्त्राच्या पेपरला हात गार पडले, मी थांबले, पाहिलं, मोजलं, सहाव्या प्रश्नापासून सुरुवात केली. पहिला प्रश्न अस्वलासारखा वाटेत बसला होता. त्याची वाट सोडली.

हसण्यासारखंही पुष्कळ घडलं. खेळात तळमजल्यावर जनरेटरची खोली होती. तिथं शिरलं की सगळे दिवे जायचे आणि पडदा काळा व्हायचा, हे दादानं मित्राकडून ऐकून आम्हाला सांगून ठेवलं होतं. आम्ही शिरलो. पडदा काळा झाला. माय खुर्चीजवळ सरकली. आम्ही दोघी श्वास रोखून काळ्या पडद्याकडे पाहत बसलो. पाच मिनिटं झाली असतील. माय कुजबुजली, "येऊन राहिला वाटते." मी म्हटलं, "गप, आवाज ऐकतो तो." तेवढ्यात दारात बाबा उभे. पहिल्या पाळीवरून आलेले, हातात डबा.

"बाया हो, लाईन गेली. कोनाची वाट पाहून राहिल्या?"

कुलर बंद, पंखा बंद, शेजारचा रेडिओ बंद, आणि आम्हाला पत्ता नाही. भारनियमनाचं वेळापत्रक माझ्याच अक्षरात दाराला चिकटवलं होतं. फक्त ते मागच्या आठवड्याचं होतं. काडी लावली नव्हती, दोन दिवसांचा खेळ गेला. माझे डोळे भरले. माय म्हणाली, "गेलं त गेलं. वाट त पाठ हाये ना?" लाईट आली तशी दोन दिवसांची वाट आम्ही एका तासात काटली.

एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीची तयारी सुरू झाली. क्वार्टरच्या रांगांवर निळ्या पताका लागल्या, मैदानात लेझीमचा सराव. बायांच्या लेझीमला माय पहिल्या रांगेत असे, कारण पावलं चुकली की बाकीच्या तिच्याकडे पाहत. तेवढ्या धावपळीतही दोन वाजता ती यायची, घाम पुसायची आणि म्हणायची, "चाल, धोबीखान्यातली चावी घेऊ." खेळ आम्ही मेमध्ये संपवला. नर्स बाहेर पडली, सकाळ झाली, इंग्रजीत नावं वर सरकू लागली. माय ती सगळी नावं संपेपर्यंत बसली. म्हणाली, "इतक्या लोकायनं मिळून एक दवाखाना बांधला, अन् त्यात एक बी डाक्टर नाही."

आता मी सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. तिचं वाक्य अधूनमधून आठवतं.

तर या मार्चमधला तो रविवार. दादा नागपूरहून सकाळीच आला होता, मायचे कपडे कोणते न्यायचे ते पाहायला. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. माय चष्मा पुसून पुढे सरकून बसली. नर्सचा चेहरा पाहून म्हणाली, "हे थकली व आता. मघा कशी ताजी होती." चोवीस वर्षांपूर्वीला ती मघा म्हणाली, तेव्हा दादानं माझ्याकडे पाहिलं.

आम्ही शिरलो. आणि माय बोलू लागली. डावीकडचं दार बंद असते, त्याले हात लावू नको. जिन्याखाली पट्टी हाये, घे. तिथं चादरवाला उभा हाये, तो फिरला का मंग निघ. सगळं बरोबर. दादा मोबाईल खाली ठेवून पाहू लागला. धोबीखाना आला. माय म्हणाली, "तिसरा हौद. त्याच्या मागं पितळेची चावी."

तिसऱ्या हौदामागे काही नव्हतं.

"दुसरा पाह्य." दुसऱ्यामागेही नव्हतं. पहिल्यामागेही नव्हतं. एक चादरवाला मागून आला आणि नर्सला घेऊन गेला.

दादा हळूच म्हणाला, "पाहिलं?" त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. दुःखच होतं, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते.

मायनं चष्मा काढला. पदरानं काचा पुसल्या, पण चष्मा पुन्हा लावला नाही. "नसन मंग. माह्याच ध्यानात नसन." आणि थोड्या वेळानं, भिंतीकडे पाहत, दादाला, "मिलिन, मोठी बॅग कपाटावर हाये. काढून ठेव."

जे दोन वेळा उतू गेलेल्या दुधानं झालं नव्हतं, ते एका न सापडलेल्या चावीनं झालं. मायनं स्वतःवरचा भरोसा सोडला. मी तिला बाबांच्या वेळी रडताना पाहिलं होतं. बाबांना जाळून आल्यावर ती ताठ बसलेली पाहिली होती. मात्र अशी खांदे टाकून बसलेली कधी पाहिली नव्हती. दादा उठून बॅग काढू लागला आणि मला एकदम राग आला. दादाचा नाही, मायचा नाही, त्या दिसेनाशा झालेल्या चावीचा. वस्तू जागेवर नाही म्हणजे कुणीतरी हलवली आहे. स्टोअरमध्ये खोकं सापडलं नाही तर मी पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यावर संशय घेत नाही, नोंद पाहते.

मी खेळाच्या सुरुवातीच्या पानावर गेले. तिथं एक यादी होती. नव्या रूपात काय काय बदललं त्याची. मी, जी गोळ्यांच्या पाकिटातला कागदही शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, ती यादी न वाचता पुढे गेले होते. चित्रं, आवाज, काड्यांशिवाय आपोआप जपलं जाणं. आणि पाचव्या ओळीत: जुन्या खेळाडूंना पुन्हा आव्हान मिळावं म्हणून काही वस्तूंच्या जागा बदलल्या आहेत. जुनी मांडणी हवी असल्यास ती निवडता येईल.

"दादा, बस."

"साडेचारची गाडी हाये माही."

"गेली तर दुसरी आहे. बस म्हटलं ना."

मी जुनी मांडणी निवडली आणि पहिल्या दारापासून पुन्हा सुरुवात केली. मायला काहीच सांगितलं नाही. ती भिंतीकडेच पाहत होती. दहाएक मिनिटं मी मुद्दाम चुकीच्या बाजूंना वळत राहिले, बंद दाराला हात लावला, जिन्याखालची पट्टी सोडून पुढे गेले. ती गप्प. मग मी सगळ्या खिशांत नको ते भरू लागले. रिकाम्या बाटल्या, तुटकी कात्री, एक फुलदाणी.

"फुलदानी कायले घेतेस व?" माय भिंतीलाच म्हणाली.

"असू दे, लागेल."

"नाही लागत. कधी लागली होती का?" तिनं चष्मा लावला. "सरक इकडं. अन् पट्टी कोन घेईन जिन्याखालची? तुहा दादा?"

धोबीखान्याच्या दारात मी थांबले. "आता कुठं?"

 मायचे ओठ हलत होते, बोटं मांडीवर मोजत होती. दादानं बॅग खाली ठेवली होती, पण पट्टा हातातच होता.

"तिसरा," माय म्हणाली. "तिसराच हाये. मले दुसरं काही दिसतच नाही."

तिसऱ्या हौदामागे, ओल्या फरशीवर, टॉर्चच्या गोलात, पितळेची चावी.

मी काय बदललं होतं ते तेव्हा सांगितलं. जागा त्यांनी हलवली होती, तू नाहीस. माय पुढे झुकून पडद्याकडे नीट पाहत राहिली, जसं बाजारात कुणी माप कमी दिलं की पाहते.

दादा माणूस सरळ आहे. म्हणाला, "चावी सापडली, ठीक. मंग गॅस आपोआप बंद होईन का?"

प्रश्न बरोबर होता. आणि मी उत्तर द्यायला तयार होते, कारण आठवडाभर मनात मी हेच भांडत होते. मी म्हटलं, गॅस आपोआप बंद करणारी शेगडी मिळते. दूध विसरलं म्हणून घर काढून घेतात का? डॉक्टरांकडे नेऊ, मी स्वतः नेईन, तपासण्या करू. पुढे काय वाढून ठेवलं आहे ते मला तुझ्यापेक्षा कमी माहीत नाही, रोज खिडकीतून तीच औषधं देते. पण ही बाई जिथं प्रत्येक वळण ओळखते तिथून उचलून सहाव्या मजल्यावरच्या एका खोलीत ठेवलीस, तर ती पहिल्याच आठवड्यात चुकेल. आणि तेव्हा तू म्हणशील, पाहिलं?

दादा खाली पाहू लागला. "अन् काही झालं त?"

"तर होईल. नागपूरला काही होत नाही का?"

मी कागद घेतला. आम्ही तिघांनी मिळून यादी केली. एक, नवी शेगडी. दोन, गोळ्यांचा वारांचा डबा. तीन, घराची एक चावी शेजारच्या शांताबाईंकडे. चार, दादाच्या आग्रहानं आणि त्याच्याच शब्दांत: पावसाळा लागायच्या आधी नागपूरचा पुन्हा विचार करणे. पाच, डॉक्टर, पुढच्या मंगळवारी, सुजासोबत. सहा, नदीकडे जाताना मोबाईल नेणे.

मायनं कागद मागून घेतला. एकेका ओळीवर बोट ठेवून, चौथीच्या मुलीसारखं पुटपुटत वाचला. "हे सारं माह्यासाठी हाये?"

"हो."

"मंग पेन दे."

तिनं चौथी ओळ खोडली. एकदा नाही, वरून तीन वेळा, अक्षर दिसू नये इतकी.  दादानं मोठी बॅग उचलून पुन्हा कपाटावर ठेवली आणि साडेसहाच्या गाडीनं गेला.

डॉक्टरांकडे जाणं झालं. त्यांनी वयाप्रमाणे थोडं विसरणं आहे, लक्ष ठेवा, असं सांगितलं, आणि आम्ही लक्ष ठेवून आहोत. यादी फ्रिजवर लावली आहे. मागच्या रविवारी मी मुद्दाम विचारलं, "माय, चार नंबरला काय होतं गं?"

तिनं भाजी चिरताना मानसुद्धा वळवली नाही. दादानं सांगितलं होतं ते वाक्य तिनं शब्दाला शब्द म्हणून दाखवलं.